इन्सुलिन : वाढली

सकाळी साडेनऊला आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुविधा, तांदूळ वाढले गो. येतना हाड," येताना आण म्हणून, आणि गाडीची किल्ली उचलायला गेलेला माझा हात तिथेच थांबला. सदतीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आले आहे. आमच्या घरात काही संपत नाही. तांदूळ, मीठ, हळद, सगळं वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. देवापुढचा नारळसुद्धा वाढवायचाच. पाळी गावात आमच्या घरी लहानपणी कोणी ‘साखर संपली’ म्हटलं तर आई जिभेला चटका बसल्यासारखं तोंड करायची आणि म्हणायची, "अशें उलोवचें न्हय. वास्तू तथास्तु म्हणटा." तेव्हा तांदूळ वाढले यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पण आदल्या दिवशी ऑफिसात मी एका तक्त्यावरून नजर फिरवली होती, आणि त्यातली एक हिरवी ओळ डोळ्यांच्या कोपऱ्यात कुठेतरी राहून गेली होती. चोपडे. इन्सुलिन. वाढली. मी उभ्याउभ्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

माझं काम काय, हे आईला मी बारा वर्षांत समजावू शकले नाही, आणि समजलं असतं तर तिने मला ते करू दिलं नसतं. गोव्यात पर्वरीच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रकल्प चालवते. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं वेगळी. माझ्या वाट्याला वाईट विचार करणं आलेलं आहे. काय काय बिघडू शकेल याची मी यादी ठेवते. प्रत्येक धोक्यापुढे दोन आकडे, घडण्याची शक्यता एक ते पाच, घडल्यास होणारा परिणाम एक ते पाच. दोघांचा गुणाकार पंधराच्या वर गेला की ओळ लाल, सहाच्या आत राहिला की हिरवी. शेवटच्या रकान्यात धोक्याचा धनी, म्हणजे तो धोका ज्याच्या गळ्यात त्याचं नाव. दर शुक्रवारी मी ही यादी मोठ्याने वाचते आणि माझी मुलं मान डोलावतात. आमचा प्रज्योत पेडण्याचा. तो या बैठकीला गाऱ्हाणं म्हणतो. देवळात गुरव एकेक संकट उच्चारतो आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत जातात, तसंच हे, असं त्याचं म्हणणं. एकदा मी "सर्व्हर बंद पडला तर" असं वाचल्यावर मागच्या रांगेतून खरंच "व्हय म्हाराजा" ऐकू आलं आणि मीही हसले. हसायला नको होतं, असं आता वाटतं. गाऱ्हाण्यात ऐकणारा देव असतो, आमच्या बैठकीत तोही नव्हता.

हा प्रकल्प अगदी छोटा होता. एक धर्मादाय संस्था तीन गावांत औषधांची केंद्रं चालवते, पाळीला, चोपड्याला आणि तेरेखोलला. दर मंगळवारी म्हापशाच्या त्यांच्या कोठारातून एक गाडी तिन्हीकडे औषधं पोचवते. गाडीत काय भरायचं ते आमचा प्रोग्रॅम ठरवतो. केंद्रावर एकेक बाई असते. तिने दिवसाकाठी बाटल्या मोजत बसू नये, एका शब्दात सांगावं, ही कल्पना माझी. फोनवर औषधाचं नाव येतं, खाली शब्दांची यादी येते, एका शब्दावर बोट ठेवायचं. संपलं म्हटलं की गाडीत भरा. आलं म्हटलं की पोचलं. वाढलं म्हटलं की साठा जास्त आहे, पुढचा शब्द येईपर्यंत पाठवू नका. ही शब्दांची यादीही मीच केली. ऑफिसातल्या थंड खोलीत बसून, एका तासात. केंद्रावरच्या बायका हे शब्द आपल्यासारख्याच अर्थाने वापरतील ना, हा माझ्या धोक्यांच्या यादीत तेविसाव्या क्रमांकाचा धोका होता. परिणामाला मी पाच दिले होते, कारण औषधाचा मामला. शक्यतेला आधी चार दिले होते. म्हणजे वीस, म्हणजे लाल, म्हणजे तिन्ही गावांत जाऊन दोन दोन दिवस बसणं आलं. मग तीन महिने चाचणी झाली, नोंदी स्वच्छ आल्या, आणि मी चाराचा एक केला. एक गुणिले पाच, पाच. हिरवा. धन्याच्या रकान्यात ‘सर्वजण’ असं लिहिलं होतं, आणि सर्वजण म्हणजे कोणी नाही हे मला शिकवायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

लॅपटॉपवर चोपड्याच्या केंद्राच्या सगळ्या नोंदी निघाल्या. तिथली बाई चंद्रावती. तिला मी एकदाच पाहिलं होतं, प्रशिक्षणाच्या दिवशी म्हापशाला. मागच्या खुर्चीवर बसलेली, पन्नाशीची, फोन दोन्ही हातांत धरणारी. तिच्या चौसष्ट नोंदी होत्या. तापाच्या गोळ्या, संपल्या. मलम, संपलं. खोकल्याचं औषध, संपलं. संपलं, आलं, संपलं, आलं. आणि एकोणीस दिवसांपूर्वी, पासष्टावी, इन्सुलिन, वाढली. त्यानंतर प्रोग्रॅमने इमानेइतबारे त्या औषधाचं नाव गाडीच्या यादीतून काढून टाकलं होतं. मी स्वतःला समजावलं की चौसष्ट नोंदींत संपलेल्याला ‘संपलं’च म्हणणारी बाई पासष्टाव्या वेळी ते बदलणार नाही. कोणीतरी न लागलेल्या बाटल्या परत केल्या असतील, साठा खरंच वाढला असेल. मी तिला फोन लावला. बंद होता. कोठाराला लावला. तिथले गृहस्थ म्हणाले, चोपड्याला इन्सुलिनवर एकच पेशंट, बाटल्या महिन्याला तीन, त्या आधी न मागताच पाठवायचो, आणि गेल्या खेपांना काही पाठवलं नाही, तुमच्या मशीननेच नको म्हटलं. एक बाटली म्हणजे दहा दिवस. एकोणीस वजा दहा मी मनात केले आणि तो आकडा मला मनातून काढता येईना. नऊ दिवस एक माणूस इन्सुलिनशिवाय असेल तर त्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण परिणामाच्या रकान्यात पाच हा आकडा मीच वाचून, विचारून लिहिला होता.

"किते जालें गो?" आई दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "काय ना. चोपड्याक वचून येतां." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं नसतंच. वाईट शब्द तोंडातून काढून पोट भरणारी मी, आईपुढे उभी राहिले की माझ्याही जिभेला गाठ पडते.

म्हापशाला कोठारातून मी दोन बाटल्या घेतल्या, बर्फाच्या डब्यात ठेवून डबा शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधला, आणि शिवोलीच्या रस्त्याला लागले. वाटेत प्रज्योतचा फोन आला. त्याला मी घरून निघतानाच कळवलं होतं. "मॅडम, मी बघितलं," तो म्हणाला, "प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. तिने जे लिहिलं तेच आपण वाचलं. संस्थेला कळवताना ऑपरेटरची चूक असं घालू ना?" त्याचा आवाज घाबरलेला होता, चोवीस वर्षांचा मुलगा, पहिला प्रकल्प. मी म्हटलं, "थांब. मी तिथे पोचेपर्यंत काही घालू नकोस." ऑपरेटरची चूक असं लिहिलं की त्या बाईचं केंद्र सुटेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. आणि गंमत पाहा, ते दोन शब्द किती सोपे असतात हेही मला ठाऊक होतं. मी ते पूर्वी लिहिलेले आहेत, दुसऱ्या प्रकल्पात, दुसऱ्या बाईच्या नावापुढे, आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली होती.

गाडी चालवताना मला बाबा आठवत राहिले. बाबा, म्हणजे कृष्णनाथ, पाळीच्या एका खाणीवर बावटेवाले होते. सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजायचा आणि बाबा लाल बावटा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. ट्रक, बस, गुरं, कोणी असो, बावटा खाली येईपर्यंत पुढे जायचं नाही. एकदा त्यांनी वऱ्हाडाची बस अडवली. मुहूर्त टळतो म्हणून नवऱ्यामुलाचा मामा खाली उतरून भांडायला लागला. बाबा शांतपणे म्हणाले, "मुहूर्त परत काडूं येता. कपाळ परत काडूं येना." ते घरी येऊन हे सांगायचे तेव्हा सगळे हसायचे, आई सोडून. कपाळाचं नाव घेतल्याबद्दल ती दोन दिवस त्यांच्यावर रुसली होती. बाबांचं एकच तत्त्वज्ञान होतं: "वायट तें आदीं सांगचें. मागीर सांगून किते फायदो?" आणि आईचं त्याच्या नेमकं उलट. एका घरात मी दोन शाळांत शिकले. बाबांच्या शाळेत मी पहिली आले, त्यावरच माझं दुकान चालतं. आईच्या शाळेत मी नापास, असं मी कालपरवापर्यंत मोठ्या अभिमानाने सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या फुप्फुसात काय निघालं ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आई म्हणाली, "तेंका सांगूं नाका." मी तीन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला खाटेजवळ बसवून विचारलं, "सांग गो. वायट तें आदीं." आणि मी सांगितलं. सरळ, आडपडदा न ठेवता, त्यांनी शिकवलं तसं. ते म्हणाले, "बरें केलें," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने आई पेज घेऊन आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे वळून अगदी हसतमुखाने सांगितलं, "दोतोर म्हणटा बरें जातलें." आई म्हणाली, "जातलेंच." तिला सगळं ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पुढचे चार महिने, शेवटच्या आठवड्यापर्यंत, दोघं हेच बोलत राहिली. बरें जातलें, जातलेंच. बरं होईल, होणारच. मला तेव्हा फार राग यायचा. सगळ्या रस्त्याला बावटा दाखवणारा माणूस आपल्या घरात बावटा गुंडाळून ठेवतो, आणि मी एकटी खरं बोलून वाईट ठरते. आई मला त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही, पण मी ते सांगितलं तेव्हा ती दाराआड होती हे मला ठाऊक आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोलताना किंचित जपून बोलते. कधी कधी वाटतं, विचारावं, आई, मी चुकले का. ते विचारायचं धाडस माझ्यात नाही.

शिवोलीचा पूल आला. खाली शापोरा नदी भरतीला लागलेली, दोन होड्या, पलीकडे चोपड्याचे माड. शेजारच्या डब्यातला बर्फ वितळून बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. मी एका हाताने डबा धरला. एकोणीस वजा दहा. त्या पेशंटचं नाव आमच्या प्रोग्रॅममध्ये नव्हतं, आम्हीच ठेवलं नव्हतं. खाजगी गोष्ट म्हणून नुसता क्रमांक ठेवला होता. सात. पूल ओलांडेपर्यंत मी त्या सात क्रमांकाला कितीतरी प्रकारांनी पाहिलं. झोपलेला, बेशुद्ध, नसलेला. मी धोक्यांबरोबर बारा वर्षं काढली, पण आजवर एकही धोका तहानलेला किंवा घामेजलेला असा माझ्या डोळ्यांपुढे आला नव्हता. मला रडू येत होतं आणि रस्ता अरुंद होता.

केंद्राच्या खोलीला कडी होती आणि दारावर खडूने लिहिलं होतं, ‘घरा आसा’. कामाच्या वेळेत. मागच्या बाजूला पन्नास पावलांवर कौलारू घर होतं, आणि त्याच्या सोप्यावर एक माणूस मांडीवर जाळं घेऊन बसला होता. साठीचा, वाळलेला, पायाच्या अंगठ्याला पट्टी. शेजारी पाण्याचा मोठा तांब्या. मी चंद्रावतीबाय खंय म्हणून विचारलं तर त्याने आधी तांब्या उचलून घटाघटा पाणी पिऊन घेतलं, तोंड पुसलं, मग आत हाक मारली. "गो, कोणतरी इलां." चंद्रावती हात पुसत बाहेर आली. तिने मला ओळखलं. "मॅडम तुमी? फोन पडान फुटलो माजो, दोन दिस जाले," ती म्हणाली, "आनि ह्यांका सकाळी घेरी इली म्हणान केंद्र उघडूक नाय. कोणी तक्रार केल्यान?" मी म्हटलं, नाही, कोणी तक्रार नाही केली. आणि मग उभ्याउभ्याच, जे म्हणायला पंचवीस किलोमीटर आले होते ते म्हणाले. "चंद्रावतीबाय, एकोणीस दिवसांपूर्वी तुम्ही इन्सुलिनपुढे ‘वाढली’ लिहिलं. बाटल्या खरंच जास्त झाल्या होत्या, की…" पुढचा शब्द मला काढता येईना.

तिने मागे वळून सोप्यावरच्या माणसाकडे पाहिलं, मला दंडाला धरून माडाखाली नेलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तांच. शेवटची बाटली त्या दिसा घरा हाडलंय." मी विचारलं, बाकी सगळ्या औषधांपुढे तर तुम्ही ‘संपलं’ लिहिता. "ती बाकीची औषधां," ती म्हणाली. "ह्यां बाबलीचां. माज्या घोवाचां." तिचा नवरा, म्हणजे सोप्यावर बसलेला, आमचा सात क्रमांक. ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "त्या औषधाफुडे तां अक्षर लिवक माजो हात जायना. मी फोन धरून बसलंय कितकोतरी वेळ. मगे तुमच्या फोनान खाली शब्द दाखयल्यान, वाढली. माका इतक्यां बरां वाटलां, मॅडम. म्हटलां, ही यादी करणारी कोणतरी आमच्यातलीच बायल आसा. तिका ठावक आसा. ती समजतली."

ती बायल मीच. पाळीची, माझ्या आईची, पद्मावतीची मुलगी, जिच्या घरात सदतीस वर्षं तांदूळ वाढत आले. त्या यादीत तो शब्द घालताना मला आईचं स्वयंपाकघर आठवलं नाही. मी तो शब्द पाठ्यपुस्तकातून घेतला होता. आणि इथे, नदीकाठी, एका बाईला वाटलं की पलीकडे तिची कोणीतरी बसलेली आहे. मला शरम वाटली, आणि त्या शरमेत कुठेतरी, सांगायलाही संकोच वाटतो, एक मायाही दाटून आली. बारा वर्षांत माझ्या कुठल्याच यादीवर कोणी असा विश्वास टाकला नव्हता. मी तिला सांगितलं की यादी मी केली, आणि मी समजले नाही, म्हणून गाडीतून काही आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, जरा नवलाने. मी तिथेच प्रज्योतला संदेश लिहिला: वाढली म्हणजे शून्य. आजच बदल. तेविसावा धोका लाल कर. धनी, सुविधा. मग डब्यातल्या बाटल्या तिच्या हातात दिल्या आणि विचारलं, "हे नऊ दिवस यांनी काय केलं?"

"खंयचे नऊ?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिने मला घरात नेलं, लहान फ्रीज उघडला आणि दाराच्या कप्प्यातून एक बाटली काढून दोन्ही हातांत माझ्यापुढे धरली. तळाशी थोडं औषध होतं. "धा दिसांची बाटली. आज एकोणीस दिस. रोज बघतंय, आसाच. मी कोणाक बोलूक नाय, बोल्लां तर जायत. वाढली म्हणान लिवलंय, मॅडम, आनि वाढली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हिशेबाची बाई. एकोणीस दिवस एका बाटलीतून निघतात ते कसे, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी बाहेर पाहिलं. उघड्या दारातून सोपा दिसत होता. बाबलीने जाळं खाली ठेवलं होतं आणि तो माझ्याकडे पाहत होता. त्याने मान अगदी थोडी हलवली. नको, अशी. त्या नजरेत भीती नव्हती, विनंती होती, आणि ती मी कधीतरी एका खाटेवर, पेजेच्या वाटीच्या पलीकडून, दुसऱ्या एका तोंडावर पाहिलेली होती. तेव्हा मला तिचा अर्थ कळला नव्हता.

मी गप्प राहिले असते. खरंच राहिले असते. त्या घरात ती बाटली हातात धरून उभ्या असलेल्या बाईला काही सांगण्याची माझी छाती नव्हती. पण त्याच्या अंगठ्याला पट्टी होती, तांब्या रिकामा झाला होता, आणि सकाळी त्याला घेरी आली होती. मी बाहेर सोप्यावर जाऊन त्याच्या शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "बाबलीमामा, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ते हिशेबासारखं होईल." तो नदीकडे बघत राहिला. चंद्रावती दारात येऊन थांबली.

"धा घेतंय," तो शेवटी म्हणाला.

"काय धा?" चंद्रावतीने विचारलं.

"सुई. वीस रेघांच्या जागेर धा. सकाळी धा, सांजेक धा." तो अजूनही तिच्याकडे बघत नव्हता. "तू ती बाटली हाडलंस त्या दिसाच कळलां माका. तुजां तोंडच दिसता. म्हटलां, ही बोलाची नाय, आनि बोलाक लावचीय नाय. पुरवक व्हयी तितके दिस पुरवूया."

चंद्रावतीने बाटली उजेडात धरली. तिच्यातलं काहीतरी खाली बसलं, मला ते दिसलं. वाटलं ती रडेल, ओरडेल, मला म्हणेल की तू आलीस म्हणून. ती आत जाऊन रक्त तपासायचं यंत्र घेऊन आली, त्याचं बोट पकडलं आणि सुई टोचली. तीनशे अठ्ठ्याऐंशी. मी तिला विचारून पेडण्याच्या त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. त्यांनी आकडा ऐकला, सकाळी किती घेतलं विचारलं, दोन शिव्या दिल्या आणि म्हणाले, उरलेले दहा आत्ता द्या, जेवू घाला, आणि दोनच्या आत घेऊन या. मी म्हटलं, मी गाडीने आणते. चंद्रावतीने नवी बाटली घेतली, तळहातांत चोळली, सुईत औषध भरलं. मग तिने सुई माझ्यापुढे केली. "बघ गो, धा मां?" ती म्हणाली. ‘मॅडम’ म्हणणं गेलं होतं. मी रेघ पाहिली आणि म्हटलं, "दहा."

बाबलीने शर्ट वर केला. पोटावर जुन्या टोचण्यांच्या खुणा होत्या. तिने सुई दिली, कापूस दाबून धरला आणि मग तसाच दाबून धरून राहिली. "ह्यो दोन बाटल्यो," ती म्हणाली. "पुरी पुरी घेतल्यार कितके दिस?"

"वीस," बाबली म्हणाला.

"मगे?"

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"मगे संपतली," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "संपाच्या आदी माका सांगायचां," ती म्हणाली, आणि खाली वाकून त्याच्या शर्टाची बटणं एकेक करून लावू लागली.